न संपणारा तांब्या

मी माणूस संशयी आहे. गॅसची टाकी आली की मी आधी सील तपासतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की घरी येऊन पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचतो. बायको म्हणते, तुम्ही एक दिवस चहातल्या साखरेकडून ओळखपत्र मागाल. आमच्या घरात देव्हारा नाही. माझ्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आणि तेव्हापासून आमच्याकडे अंगारा, ताईत, नवस यांना दारातूनच रामराम. त्यामुळे माझा संशय हा नुसता स्वभाव नाही, तो माझ्या वाट्याला आलेला वारसा आहे असं मी लोकांना सांगतो. तो वारसा मी किती सांभाळला, ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मुखेडला माझ्या घरी एक जुनी विद्यार्थिनी आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि मुखेडजवळच्या एका गावात अकरा वर्षं शिकवलं. ती त्या गावच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, चौथीत माझ्या वर्गात होती. पुढे लातूरला शिकली, मग पुण्याला गेली आणि सिनेमा करायला लागली. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "गुरुजी, मला एक चमत्कार करून पाहिजे."

तिचं माझ्याकडे येणं तसं बरोबर होतं. नोकरीत असताना मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीचे प्रयोग दाखवायचो. तळहातावर कापूर जाळायचा, नारळातून धूर काढायचा आणि मग हे कसं केलं ते सगळ्यांना उघड करून सांगायचं. त्यातला माझा हुकमी प्रयोग न संपणाऱ्या तांब्याचा. तांब्याच्या आत दुसरा तांब्या झाळलेला असतो आणि काठाखाली एक बारीक भोक असतं. त्या भोकावर अंगठा दाबला की आत हवा जात नाही आणि पाणी थांबतं. तांब्या उलटा केला तरी थेंब पडत नाही, लोकांना वाटतं रिकामा झाला. अंगठा हळूच काढला की पुन्हा धार लागते. असं पाच-सहा वेळा करता येतं. नांदेडच्या एका तांबटाकडून मी तो मुद्दाम बनवून घेतला होता.

तिच्या सिनेमाची गोष्ट अशी होती. दुष्काळातलं गाव, आणि एका लहान मुलीच्या तांब्यातलं पाणी संपत नाही. गावात कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. घरची सून म्हणते, बरं झालं, मग भांडी पण त्यातच घासून टाक. मी विचारलं, हे पाणी येतं कुठून ते शेवटी सांगणार का? ती म्हणाली, "गुरुजी, तो चमत्कार नाहीच. ते तसंच असतं, एवढंच."

चमत्कार करायचा आणि त्याला चमत्कार म्हणायचं नाही, हा मला बुवांचा नवाच प्रकार वाटला. मी तिला तिथल्या तिथे अट घातली. तांब्या देईन, पण शेवटच्या प्रसंगात मुलीने भोक दाखवलं पाहिजे. ती म्हणाली, "बघू, गुरुजी." तीस वर्षं मुलं शिकवलेल्या माणसाला बघू या शब्दाचा अर्थ नीट कळतो. तरी मी तांब्या दिला, कारण माझी मुलगी तेव्हाच नांदेडहून आलेली होती आणि तिची लेक, माझी सात वर्षांची नात, दारात उभी राहून आमचं सगळं बोलणं ऐकत होती आणि तिच्यासमोर मला नाही म्हणवेना. पाहुणीने तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

नातीला सिनेमात घेणार असं ती म्हणाल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी की हिला आमची पोरगी कशाला पाहिजे. तिच्या भावकीत काय पोरी नाहीत? आमच्या घरातली मुलगी पाणी देते असं दाखवून हिला शहरात टाळ्या घ्यायच्या असतील. मी तसं तोंडावर विचारलं. ती रागावली नाही. म्हणाली, तिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही म्हणून. माझ्या मुलीने परवानगी दिली, ती नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्युटी होती. नात महिनाभर माझ्याकडे राहिली आणि मी तिचा राखणदार झालो.

शूटिंग मी शिकवलेल्या त्याच गावात होणार होतं, म्हणून त्या गावाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे मी भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा समोरच्या घरातली बाई मला दूध द्यायची. मी पातेलं बाहेरच्या दगडावर ठेवायचं आणि दोन पावलं मागे सरकायचं, मग ती वरून धार सोडायची. धार इतकी नेमकी की थेंब सांडायचा नाही. बाई वाईट नव्हती. माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा आठवडाभर रोज विचारपूस केली, कडुलिंबाचा पाला आणून दिला, तोही दगडावर ठेवून. मी दिवसा वर्गात समतेचा धडा शिकवायचो आणि सकाळ-संध्याकाळ पातेलं दगडावर ठेवायचो. अकरा वर्षांत एकदाही म्हणालो नाही की माय, जरा खाली वाकून घाला.

शूटिंग सुरू झालं. सगळी मिळून नऊ माणसं, उसना आणलेला कॅमेरा, आणि जेवण दिग्दर्शिकेच्या घरून. मी रोज नातीला मोटारसायकलवर घेऊन जायचो. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यापुढे नारळ फोडला तेव्हा मी नातीचा हात धरून बाजूला उभा राहिलो. त्यांच्यातल्या एकाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ते मी रुमालाने पुसलं. माझ्याबद्दल मागे काय बोलत असतील ते मला कळत होतं.

तांब्याचं पाणी मी घरून न्यायचो. गावच्या बोअरचं पाणी जड, त्याच्या क्षाराने भोक बुजायला लागलं होतं. म्हणून पहाटे उठलं की नात आमच्या फिल्टरच्या नळाखाली पाच लिटरचा कॅन धरायची आणि तो भरेपर्यंत आकडे म्हणत बसायची. बाकीच्या लोकांना प्यायला मुखेडहून थंड पाण्याचे जार यायचे.

अंगठ्याचं काम मी नातीला तीन दिवसांत शिकवलं. कठीण भाग तो नव्हताच. अंगठा खोटं बोलत असताना चेहरा खरा ठेवायचा होता. पाणी थांबलं की ती तांब्यात डोकावून बघायची, आणि पुन्हा धार लागली की ओठ थोडेसे उघडे राहायचे. वीस-वीस वेळा तेच. दर वेळी तिला नव्यानेच कळतंय असं वाटायचं. लोक तोंडात बोटं घालायचे आणि मला मात्र धास्ती वाटायची. इतकं सहज खोटं करता येतं या पोरीला? की तिला ते खरं वाटायला लागलंय? एकदा मी तिला एकटीला गाठून विचारलं, पाणी कुठून येतं गं? ती म्हणाली, "आबा, तुम्हीच तर शिकवलं." हे काही उत्तर नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून बायका बघायला यायला लागल्या. आधी लांब उभ्या राहायच्या. मग एकीने नातवाला आणलं आणि म्हणाली, याचा खोकला जात नाही, एवढं पाणी द्या. दुसरीने बाटली भरून नेली. मी हसलो, दिग्दर्शिकेला म्हणालो बघा तुमचा प्रताप. ती म्हणाली, मी सांगते त्यांना. तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

आणि सातव्या दिवशी दुपारी ती दूधवाली माय आली. आता पार वाकली होती, हातात काठी, मागे सून. मला ओळखून म्हणाली, "मास्तर, म्हातारे झालात की." ज्या घरी शूटिंग चाललं होतं त्याच्या ओट्यावर ती हळूहळू टेकली. काठी बाजूला ठेवली. मग दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि माझ्या नातीला म्हणाली, "घाल माय हातावर."

नात उभी होती आणि म्हातारी बसलेली. पाणी वरून पडलं. म्हातारीने ओंजळीतून ते पिऊन घेतलं, ओले हात डोळ्यांना लावले आणि निघून गेली.

मला आनंद झाला. तो कसला आनंद होता हे लपवण्यात अर्थ नाही, तो सुडाचा होता आणि गोड होता. ज्या बाईने अकरा वर्षं माझ्या पातेल्यात उंचावरून धार सोडली, ती माझ्या नातीपुढे ओंजळ धरून बसली होती. हयातभर भोक दाखवत फिरलेला मी तिथेच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. मी तिची वाट बघायला लागलो. स्वतःला सांगत होतो की शूटिंगमध्ये व्यत्यय नको.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता. त्यात माझी नात पाटावर बसलेली, कपाळभर कुंकू, आणि दोन बायका तिच्या पाया पडतायत. हे मी घरामागे चहा घेत असताना झालं होतं. मुलगी ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचे बुवा उघडे पाडले आणि आता माझ्याच पोरीची देवी करताय? उद्या तुम्ही सगळ्यांना सांगा, नाहीतर परवा मी येऊन तिला घेऊन जाते." फोन ठेवल्यावर नात म्हणाली, "आबा, त्या माझ्या पाया का पडतात? मला पाय मागे घ्यावेसे वाटतात, पण मग त्यांना राग येईल." मला माझीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक बायका. दूधवाली माय नेहमीच्या जागी बसली होती. जुन्या दिवसांसारखा मी प्रयोग दाखवला. नातीने तांब्या धरला, मी भोक दाखवलं, अंगठा ठेवायला लावला, काढायला लावला. एका बाईला बोलावून तिच्याच हाताने करून घेतलं. मी म्हणालो, यात देवी नाही, ही माझी नात आहे, दुसरीत शिकते, आणि तिच्या पाया कुणी पडू नका. पोरं हसली. एक बाई म्हणाली, आमाला वाटलंच व्हतं. दोघी-तिघी बाटल्या घेऊन आल्या होत्या, त्या पदराआड धरून निघून गेल्या. मला हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा आपल्या जागेवर आलो असं वाटलं.

म्हातारी मात्र उठली नव्हती. तिने तांब्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मास्तर," ती म्हणाली, "मंग ह्ये पानी कुनाच्या घरचं हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. पाणी तांब्यातून आपोआप येत होतं तोवर त्याला घर नव्हतं. मी ते भोक दाखवलं आणि त्या पाण्याला घर मिळालं. तिची सून माझ्याकडे बघत होती. तीन दिवस ती ते प्यायली होती. मी उभा होतो, पेन्शन घेणारा, नातवंडांचा आजोबा, नुकताच भाषण ठोकलेला.

"जारचं हाय, माय," मी म्हणालो. "मुखेडहून येतं."

माझ्या तोंडी तिची भाषा कधी आली ते मला कळलंही नाही. जारचं पाणी आता गावोगाव पितात. लग्नात, मयतीला, ग्रामपंचायतीत. ते कुणी भरलं, कुणाच्या विहिरीतून भरलं हे कुणी विचारत नाही. म्हातारीचा चेहरा सैल झाला.

"जारचं व्हय," ती म्हणाली. "मंग घाल की गं पोरी. ऊन लई हाय."

तिने ओंजळ पुढे केली. नातीने तांब्या उचलला, पण लगेच ओतला नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. मग तिने अंगठा काढला आणि पाणी सोडलं. म्हातारी पोटभर प्यायली, सुनेचा हात धरून उठली आणि घरी गेली. दारात कॅमेरा चालू होता हे मला नंतर कळलं.

दिग्दर्शिकेने मला विचारलं, हे सिनेमात ठेवलं तर चालेल ना. मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. माझा कॅन रोज घरून येतो हे तिला माहीत होतं. तिने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि ती का विचारत नाही यावर मी पुढची दोन वर्षं संशय घेत राहिलो.

गेल्या महिन्यात लातूरला एका छोट्या महोत्सवात तो सिनेमा दाखवला. सकाळचा खेळ होता. हॉल भरलेला, मागे कॉलेजची मुलं उभी. माझी मुलगी नातीला घेऊन नांदेडहून आली होती आणि मी मुखेडहून. भोक दाखवायचा प्रसंग सिनेमात नव्हता. माझा संशय खरा ठरला होता, पण मला रागावता आलं नाही. सिनेमा त्या ओट्यावर संपत होता. आमचे आवाज काढून टाकलेले, नुसतं संगीत. म्हातारी ओंजळ पुढे करते, मुलगी तांब्या उचलते, थांबते आणि वर बघते. पडदाभर फक्त तिचे डोळे. मग पाणी पडतं.

हॉलमध्ये लोक उभे राहिले. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले की संपूर्ण सिनेमा या चिमुरडीने पेलला आहे, आणि त्या शेवटच्या नजरेत जे नवल आहे ते कुणाला शिकवून येत नाही. नातीला फुलांचा गुच्छ दिला. कुणीतरी माइक पुढे करून विचारलं, बाळा, तू तेव्हा वर बघून काय विचार करत होतीस? ती नऊ वर्षांची आहे आता, तिला सगळं आठवतं, कॅन भरताना किती आकडे व्हायचे तेसुद्धा. तिने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघितलं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्यासाठी ती चारशे माणसांसमोर खोटं बोलली होती आणि या वेळी तिचा चेहराही साथ देत होता.

मुलीची रात्रीची ड्युटी होती, ती नांदेडच्या गाडीने गेली. शाळेला दोन दिवस सुट्टी होती म्हणून नात माझ्याबरोबर मुखेडला निघाली. एसटीत आम्हाला दोघांची सीट मिळाली. गुच्छ तिने मांडीवर धरला होता. अहमदपूर आलं. स्टँडवर गाडी थांबली, निम्मी माणसं चहाला उतरली, आणि तिने खिडकीतून नजर न काढता विचारलं.

"आबा, ते पाणी आपल्या घरचं होतं ना?"

"हो."

"मीच भरायचे."

"हो, तूच भरायचीस."

"मग त्या आजीला जारचं का सांगितलं?" तिने थोडा वेळ उत्तराची वाट बघितली. मग तीच म्हणाली, "तुम्ही त्यांना भिता?"

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. म्हातारीचं वय, ऊन, तीन दिवस प्यायलेलं पाणी, तिला कशाला त्रास द्यायचा. ही सगळी कारणं मी दोन वर्षं घासूनपुसून ठेवली होती. पण एवढ्या जवळून बघणाऱ्या मुलीपुढे ती काढायची माझी हिंमत झाली नाही.

"हो," मी म्हणालो. "भितो."

तिने गुच्छातलं एक फूल ओढून काढलं, त्याचा देठ मोडला आणि ते पुन्हा आत खोचलं.

"मग मी पण भ्यायचं का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नव्हता.